कोट कोणाच्या अंगावर? जुने जर्मन चित्रपट पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

जुने जर्मन चित्रपट बघायचे असं ठरवून बसलेली बरीच मंडळी अर्ध्या तासात उठतात. कुठल्याशा 'सर्वकालीन श्रेष्ठ' यादीत वरच्या बाजूला 1920 चा 'कालिगारी' किंवा 1927 चा 'मेट्रोपोलिस' दिसतो, तोच पहिला लावला जातो, आणि मग वेडेवाकडे रंगवलेले पडदे, डोळे वटारून केलेला अभिनय, मध्येच पाट्या. कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की हा एक्स्प्रेशनिझम, म्हणजे मनातली घालमेल वेड्यावाकड्या दृश्यांतून मांडायची शैली, यात छायाप्रकाश बघायचा. छायाप्रकाश किती वेळ बघणार? आपल्याला गोष्ट हवी असते.

गोष्टी या चित्रपटांत भरपूर आहेत आणि त्या घट्ट विणलेल्या आहेत. म्हणून खालचा क्रम सालाप्रमाणे नाही, गोष्टीच्या सोयीने लावला आहे. हाताशी एकच युक्ती ठेवा: पडद्यावर कोणाच्या अंगावर कोणता कोट, टोपी किंवा गणवेश आहे ते बघा, आणि तो कधी चढतो, कधी उतरतो यावर नजर ठेवा. कथानकाचा गुंता बऱ्याचदा एवढ्याने सुटतो. ज्या समाजात माणसाची पत हुद्द्यावरून आणि हुद्दा कोटाच्या बटणांवरून ठरत होता, तिथले लेखक गोष्ट रचायला बसले की त्यांचा हात आपसूक कपाटाकडे जायचा.

पुढे शेवटही सांगितले आहेत. हे चित्रपट शेवट माहीत असूनही तितकेच धरून ठेवतात असं माझं मत आहे. अपवाद एकाचा, तो मी फोडणार नाही.

आधी चार सालं

1918: पहिलं महायुद्ध हरलं, कैसर म्हणजे सम्राट गेला, प्रजासत्ताक आलं. 1923: चलन इतकं कोसळलं की पावाची किंमत अब्जांच्या आकड्यात गेली आणि मध्यमवर्गाची आयुष्यभराची शिल्लक धुऊन निघाली. 1933: हिटलर सत्तेवर, आणि चित्रपटसृष्टीतली कितीतरी हुशार माणसं बघता बघता देशाबाहेर. 1945: पराभव, ढिगारे, फाळणी. चित्रपट लावण्याआधी त्याचं साल या चारांपैकी कोणत्या दोघांच्या मध्ये, की शेवटच्याच्या नंतर, पडतं ते बघून घ्या, बाकी इतिहास वाचायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. जर्मन भाषेतला चित्रपट म्हणजे जर्मनीतलाच असं नाही. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडही त्यात आले. ज्यांना आपण सरसकट जर्मन म्हणतो ते दिग्दर्शक फ्रिट्झ लांग आणि योसेफ फॉन स्टेर्नबेर्ग दोघेही जन्माने व्हिएन्नाचे.

पहिली पायरी: 'एम' (1931)

सुरुवात बोलपटाने करा, आणि तीही गुन्हेकथेने. लांगचा हा पहिला बोलपट. बर्लिनसारख्या शहरात लहान मुली नाहीशा होताहेत. चाळीच्या अंगणात मुलं 'काळा माणूस येईल' अशा अर्थाचं गाणं म्हणत खेळताहेत, वरून एक बाई त्यांना गप्प करते. फ्राउ बेकमान नावाची आई दुपारचं जेवण मांडून मुलीची वाट बघतेय. घड्याळ पुढे सरकतं. आई जिन्यातून हाक मारते, 'एल्सी!' आणि हाकेवर आपल्याला दिसतात फक्त रिकामा जिना, वाळत घातलेले कपडे, न उष्टावलेली ताटली. मग गवतातून घरंगळत येणारा चेंडू, आणि टेलिग्राफच्या तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेला नाही. बास, इथून चित्रपट तुमचा.

आता कथानकाची खरी गंमत. पोलिस रोज रात्री अड्ड्यांवर धाडी घालतात, त्यामुळे शहरातल्या चोरांचा धंदा बसतो. म्हणून चोरही खुन्याला शोधायचं ठरवतात. पोलिसांची बैठक आणि चोरांची बैठक लांग एकमेकांत अशी गुंफतो की इकडे एकाने हात उचलावा आणि तिकडे दुसऱ्याने तो खाली आणावा. दोन्ही खोल्यांत सारखाच धूर, सारखीच वैतागलेली तोंडं. चोरांचा म्होरक्या श्रेंकर हा शहरभरच्या भिकाऱ्यांना कामाला लावतो, प्रत्येकाला आपापला रस्ता वाटून दिला जातो.

खुनी हान्स बेकर्ट (पीटर लोरे) एक ठरावीक धून शिट्टीवर वाजवतो, ग्रीगच्या 'पेअर ग्युंट'मधली. लोरेला शिट्टी जमत नव्हती म्हणून ती लांगनेच वाजवली. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे शिट्टी आली की कान टवकारतात. आंधळा फुगेवाला ती ओळखतो. एक पोरगा तळहातावर खडूने 'एम' काढतो आणि धक्का लागल्याचं नाटक करून ते अक्षर बेकर्टच्या कोटावर, खांद्यामागे उठवतो. बेकर्टला ते आरशात मान वळवून बघितल्यावरच दिसतं. इथे आपली युक्ती वापरा: या चित्रपटात कोट हा आरोप आहे. आणि बेकर्ट लपलेल्या इमारतीत शिरण्यासाठी श्रेंकर पोलिसाचा वेष करतो. चोर पोलिसाच्या कपड्यात, आणि पुढे ओसाड दारूभट्टीच्या तळघरात तोच चोर न्यायाधीशाच्या जागी. तिथे बेकर्टची जी कबुली आहे, 'मला हे टाळता येत नाही' असं सांगणारी, ती ऐकताना समोरच्या गर्दीतले काही जण नकळत मान हलवतात ते चुकवू नका. बेकर्टला ठेचून मारायला गर्दी उठते तेवढ्यात पोलिस येतात. शेवटी न्यायालय दिसतं, निकाल मात्र ऐकू येत नाही; काळ्या कपड्यातल्या आया म्हणतात, यानं आमची मुलं परत येणार नाहीत.

दुसरी पायरी: 'डेअर लेत्स्टे मान' (1924)

नावाचा अर्थ 'शेवटचा माणूस'. मुर्नाऊचा मूकपट. याला सबटायटल्स जवळजवळ लागतच नाहीत, कारण संवादाच्या पाट्याच नाहीत. वाचायला येतात ते एखादं पत्र, आणि शेवटाकडे एकच पाटी. भाषेची भीती वाटणाऱ्यांनी खरं तर हाच आधी लावला तरी चालेल.

अटलांटिक नावाच्या मोठ्या हॉटेलचा म्हातारा दरवान (एमिल यानिंग्ज). अंगावर सोनेरी बटणांचा, झालरी लावलेला, सेनापतीला शोभेल असा कोट. कोट घालून तो आपल्या गरीब वस्तीत परततो तेव्हा शेजारपाजार त्याला सलाम ठोकतो. एका पावसाळी रात्री तो एक जड पेटी उतरवतो, दम लागतो, क्षणभर बसतो, आणि नेमकं तेवढंच मॅनेजरच्या नजरेला पडतं. दुसऱ्या दिवशी फिरत्या दारापाशी दुसराच माणूस उभा. याला पत्र मिळतं: वयामुळे आता तुमची नेमणूक तळघरातल्या प्रसाधनगृहात. कोट जवळपास ओरबाडून काढला जातो, एक बटण तुटून पडतं.

घरी लग्न आहे. तो कोटाशिवाय कसा जाणार? रात्री तो कोट चोरतो, घालून जातो, आणि नंतर कामावर येताना तो स्टेशनच्या क्लोक-रूममध्ये ठेवायला लागतो. सकाळी कोट जमा, टॉयलेटमध्ये दिवसभर टॉवेल धरून उभं राहायचं, संध्याकाळी कोट सोडवून घरी. हे फार दिवस चालणार नाही हे आपल्याला कळतं आणि पोटात गोळा येतो. नात्यातली एक बाई त्याला हॉटेलात डबा द्यायला येते आणि बघते. वस्तीभर बातमी. काल सलाम करणारे आज खिडक्यांतून हसतात. शेवटी तो कोट परत करतो, आणि रात्रपाळीचा पहारेकरी आपला साधा डगला त्याच्या अंगावर पांघरतो.

इथे चित्रपट संपायला हवा. मग ती एकमेव पाटी येते: खऱ्या आयुष्यात याला आता मरणच उरलं होतं, पण लेखकाला दया आली. लगेच कळतं की एक लक्षाधीश टॉयलेटमध्ये याच्या हातांत मेला आणि ज्याच्या हातांत मरेन त्याला सगळी इस्टेट, असं मृत्युपत्र करून गेला. म्हातारा त्याच हॉटेलात पहारेकऱ्यासोबत ताव मारतो. काही समीक्षकांना हा शेवट बेगडी वाटतो. मला तो खवचट वाटतो. पाटीच सांगते आहे की हे खोटं आहे, आता हसा हवं तर.

कॅमेरा कार्ल फ्रॉइंडचा. सुरुवातीला तो लिफ्टमधून खाली उतरत, लॉबी ओलांडत दारापर्यंत जातो. 1924 सालच्या अवजड यंत्रानं हे केलंय एवढं लक्षात ठेवा आणि गोष्टीकडे परत या.

तिसरी पायरी: वही काढा आणि 'डेअर ब्लाउए एंगेल' (1930) लावा

'निळा देवदूत' हे एका बंदरगावातल्या नाचगाण्याच्या अड्ड्याचं नाव. कथा हाइनरिख मान यांच्या 1905 च्या कादंबरीवरून, दिग्दर्शक स्टेर्नबेर्ग. चित्रपट जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत एकाच वेळी काढला होता. जर्मनच शोधा. इंग्रजीत नायक झालेला यानिंग्ज अडखळतो आणि मजा जाते.

बघून झाल्यावर वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. सुरुवातीला नायकाचं काय होतं? ते कोणत्या दृश्यात गेलं? शेवटी त्याच्या अंगावर काय आहे? बघा, मी या चित्रपटाचं करून दाखवतो.

सुरुवातीला: प्राध्यापक राट शाळेतला करडा मास्तर आहे. पोरं त्याला 'उनराट' म्हणजे कचरा म्हणून चिडवतात, पण समोर उभी राहतात. सकाळी तो पिंजऱ्यातल्या पक्ष्याला शीळ घालतो, उत्तर येत नाही, पक्षी मेलाय. घरकाम करणारी बाई तो उचलून शेगडीत टाकते. (हे विसरू नका.)

कधी गेलं: पोरांकडे लोला लोला या गायिकेची चित्रं सापडतात, म्हणून त्यांना पकडायला तो अड्ड्यावर जातो आणि स्वतःच अडकतो. लोला म्हणजे मार्लेन डिट्रिख, पायांवर पाय टाकून पिंपावर बसलेली. तिच्याशी लग्न करतो, नोकरी जाते. पण माझ्या मते गळती लागते ती लग्नाच्या जेवणात. जादूगार कीपर्ट नवरदेवाच्या नाकाखालून अंडी काढतो, लोला कोंबडीसारखी कलकलते, आणि राट आनंदाने छाती फुगवून कोंबड्यासारखा आरवतो. सगळे हसतात. तोही हसतो. एवढा खूश तो नंतर पूर्ण चित्रपटात दिसत नाही.

शेवटी: काही वर्षांनी तो मंडळीबरोबर लोलाचीच चित्रं विकतोय, मग विदूषक झालाय. मंडळी त्याच्याच गावात येते. जुने विद्यार्थी, सहकारी, सगळे प्रेक्षकांत. रंगवलेलं नाक, मोठी कॉलर. कीपर्ट त्याच्या डोक्यावर अंडी फोडतो आणि आरवायला सांगतो. पडद्याआड लोला दुसऱ्याच्या मिठीत. राट आरवतो, ते आरवणं आता किंकाळी आहे. तो लोलाचा गळा धरतो, त्याला बांधून ठेवतात. रात्री सुटून तो शाळेत जातो आणि आपलं जुनं टेबल घट्ट धरून मरतो. ते हात सोडवायला जातात तर सुटत नाहीत.

अशी तीन-चार वाक्यं प्रत्येक चित्रपटासाठी लिहिलीत की दहा चित्रपटांनंतर तुमच्याकडे कुठल्याही कोशापेक्षा उपयोगी वही होईल. पक्षी, आरवणं, आरवणं ही साखळी पहिल्या बघण्यात निसटते, लिहायला बसलं की सापडते.

याच पायरीवर 1931 चा 'मेडशेन इन युनिफॉर्म' घ्या. नावातच गणवेश. दिग्दर्शिका लेओन्टीन सागान, आणि पडद्यावर सगळ्या बायकाच. पोट्सडामच्या कडक वसतिगृहात आई नसलेली मानुएला येते, तिला दुसऱ्या मुलीचा वापरलेला गणवेश मिळतो. सगळ्या मुली ज्यांच्यावर जीव टाकतात त्या शिक्षिका फ्रॉइलाइन फॉन बेर्नबुर्ग तिला फाटक्या कपड्याऐवजी स्वतःचा एक कपडा देतात. नाटकात पुरुषाचं काम केल्यानंतर, थोडी दारू चढल्यावर मानुएला आपलं प्रेम सगळ्यांसमोर जाहीर करते, मुख्याध्यापिकेचा संताप होतो, आणि मुलगी जिन्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन उभी राहते. मुली तिला वाचवतात. मुख्याध्यापिका काठी टेकत, एकटी, त्या जिन्यावरून खाली जाते.

मध्ये जरा हलकं

सलग इतकं कोसळणं कोणालाच झेपत नाही. 'एमिल उंड डी डेटेक्टिव्ह' (1931) लावा. मुलांच्या कादंबरीवरून, पटकथा बिली वाइल्डरची, म्हणजे पुढे हॉलिवूड गाजवणारा तोच. एमिलने पैसे खिशात टाचणीने टोचून ठेवलेले असतात, रेल्वेत चोर ते पळवतो, आणि बर्लिनची शेकडो पोरं चोराच्या मागे लागतात. पैसे एमिलचेच हे सिद्ध होतं नोटांतल्या टाचणीच्या भोकांवरून. मुलांबरोबर बसून बघता येईल असा या यादीतला हा एकच.

1931 च्या 'डी ड्रायग्रोशेनओपर'ची गोष्ट बऱ्याच मराठी लोकांना आधीच माहीत असते. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ज्या नाटकावरून तो चित्रपट, त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' केला. त्यातला अंकुश पाहिलेल्याला इथल्या मॅकीची ओळख करून द्यावी लागत नाही.

चौथी पायरी: आता 'कालिगारी' आणि 'मेट्रोपोलिस'

आता डोळा तयार झालाय. 'कालिगारी'त फ्रान्सिस नावाचा तरुण बागेतल्या बाकावर बसून एका म्हाताऱ्याला गोष्ट सांगतो. होल्स्टेनवाल नावाच्या गावी जत्रा भरते. डॉ. कालिगारी परवाना मागायला कचेरीत जातो. कारकून उंच स्टुलावर बसून त्याला ताटकळत ठेवतो. त्या रात्री कारकुनाचा खून होतो. तंबूत कालिगारी पेटी उघडतो, आत वर्षानुवर्षं झोपलेला सेझारे (कॉनराड फाइट). तो भविष्य सांगतो. फ्रान्सिसचा मित्र अॅलन विचारतो, मी किती जगणार? उत्तर: पहाटेपर्यंत. पहाटे अॅलन मेलेला. संशय, पाठलाग, जेन नावाच्या मुलीचं अपहरण, आणि कालिगारीचा माग वेड्यांच्या इस्पितळाच्या दारापर्यंत. पुढचं सांगत नाही. गोष्ट कोण सांगतंय हे डोक्यात ठेवून बघा, वाकड्या भिंती आणि तिरप्या खिडक्या का आहेत याचं उत्तर तिथे आहे.

'मेट्रोपोलिस'बाबत आधी प्रत तपासा. हा सगळ्यात महत्त्वाचा व्यावहारिक सल्ला आहे. जानेवारी 1927 मध्ये बर्लिनला दाखवलेला चित्रपट अडीच तासांच्या आसपासचा होता. लगेच तो कापला गेला आणि पुढची ऐंशी वर्षं लोक तुटकी गोष्ट बघून 'दिसायला भव्य, पण कथा भंकस' म्हणत राहिले. 2008 मध्ये ब्यूनोस आयर्सच्या संग्रहालयात जवळजवळ पूर्ण, पण ओरखडे पडलेली 16 मिलिमीटरची प्रत सापडली आणि 2010 मध्ये जोडलेली आवृत्ती आली. तीच घ्या. मध्येच चित्र खराब, रेघारेघांचं दिसलं की समजा, हे ब्यूनोस आयर्सवालं. ऐंशी-नव्वद मिनिटांत संपणारा 'मेट्रोपोलिस' पहिल्यांदा बघू नका.

कापलं काय होतं? हेल नावाची बाई. शहराचा मालक योह फ्रेडरसेन आणि संशोधक रोटवांग दोघांचंही तिच्यावर प्रेम. तिने फ्रेडरसेनशी लग्न केलं आणि मुलगा फ्रेडर याला जन्म देताना ती वारली. रोटवांग यंत्रमानव बनवतो तो तिला परत आणायला. अमेरिकेत कापणाऱ्यांना तिचं नाव इंग्रजीत नरकासारखं ऐकू येईल अशी भीती वाटली आणि हेल गेली. तिच्याबरोबर रोटवांगचं कारणही गेलं. मग तो नुसता चक्रम शास्त्रज्ञ उरतो, आणि मारियाचं रूप दिलेलं यंत्र तो मालकाचीच नगरी बुडवायला का वापरतो ते कळेनासं होतं.

दुसरं कापलेलं सूत्र कपड्यांचं. मालकाचा मुलगा फ्रेडर जमिनीखालच्या कारखान्यात 11811 क्रमांकाच्या कामगाराशी कपडे बदलतो आणि घड्याळासारख्या यंत्राच्या काट्यांशी झगडत दहा तासांची पाळी भरतो. 11811 रेशमी कपड्यांत, खिशात पैसे, थेट योशिवारा नावाच्या रंगमहालाकडे. तुटक्या प्रतींत तो कामगार मध्येच विरघळून जायचा. बाकी शेवट, म्हणजे हात आणि डोकं यांच्यात हृदयाने मध्यस्थी करावी वगैरे, मला आजही पोरकट वाटतो. पुढे लांगही त्याबद्दल नाखूश होता.

पटकथा टेआ फॉन हार्बूची, तेव्हाची लांगची बायको. 1933 मध्ये दोघं वेगळी झाली. लांग जर्मनी सोडून गेला, टेआ राहिली आणि नाझी राजवटीत काम करत राहिली. गंमत अशी की त्याच टेआने बर्लिनमध्ये बेळगावकडच्या आयी तेंडुलकर या मराठी तरुणाशी गुपचूप लग्न केलं होतं. भारताचं वेड तिला आधीपासूनच. तिच्या कादंबरीवरून लांगने 1959 मध्ये दोन भागांत काढलेल्या चित्रपटाचं काही चित्रीकरण उदयपूरला झालं. तो भारत पुठ्ठ्याचा आहे. हसायला म्हणून बघा.

जर्मन छायाप्रकाशाचं वळण आपल्याकडे कुठे दिसतं असं कोणी विचारलं तर प्रभातचा 'अमृतमंथन' (1934) दाखवा, पुजाऱ्याच्या डोळ्याचा तो पडदाभर क्लोज-अप. त्याआधी 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी व्ही. शांताराम जर्मनीला जाऊन आले होते.

'नोस्फेराटू' (1922) बघताना गोंधळ होऊ नये म्हणून एकच: हक्क न घेता 'ड्रॅक्युला'वरून काढलेला हा चित्रपट, म्हणून मूळ जर्मनमध्ये सरदाराचं नाव ऑर्लोक आणि तरुणाचं हुटर. काही परदेशी प्रतींत ड्रॅक्युला आणि हार्कर अशी नावं परत घातली आहेत. चित्रपट तोच. कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या, तरी तो उरला.

पाचवी पायरी: 1933 ते 1945, जरा जपून

या बारा वर्षांतला प्रत्येक चित्रपट घोषणाबाजीचा नाही, पण प्रत्येकाला हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्याची परवानगी लागायची. 1944 च्या जानेवारीत, बर्लिनवर बॉम्ब पडत असताना 'डी फॉयरत्सांगेनबोवले' लागला. घरीच शिकलेला एक लेखक, शाळा कधी पाहिलीच नाही म्हणून मित्रांच्या आग्रहावरून विद्यार्थ्याची टोपी घालून लहान गावातल्या शाळेत नाव घालतो आणि मास्तरांना हैराण करतो. शेवटी तोच सांगतो, यातलं पहिलं गप्पांचं दृश्य सोडून सगळं बनवलेलं. आजही डिसेंबरात जर्मन विद्यापीठांत हा गर्दीत, आरडाओरडा करत बघतात. तुम्हीही बघा, फक्त साल विसरू नका.

1940 चा 'यूड झ्युस' मात्र नवख्याने एकट्याने बघू नये. ज्यूंविरुद्धचा तो विखारी प्रचार आहे, आणि जर्मनीत आजही तो प्रस्तावना आणि चर्चेसकटच दाखवला जातो.

या काळासाठी कथानकांपेक्षा नटांचा माग घेणं जास्त शिकवतं. 'कालिगारी'तले दोघे घ्या. कालिगारी झालेला वेर्नर क्राउस 'यूड झ्युस'मध्ये एकापेक्षा जास्त ज्यू पात्रं रंगवतो. सेझारे झालेला कॉनराड फाइट, बायको ज्यू, देश सोडतो आणि 1942 मध्ये 'कासाब्लांका'त नाझी मेजरचा गणवेश चढवतो. यानिंग्ज राहिला, डिट्रिखने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. नवरदेवाच्या नाकाखालून अंडी काढणारा कीपर्ट म्हणजे कुर्ट गेरॉन. त्याला 1944 मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत मारलं.

सहावी पायरी: युद्धानंतर गणवेशांचं काय झालं

'डी म्योर्डर झिंड उंटर उन्स' (1946), 'खुनी आपल्यातच आहेत'. युद्धानंतरचा हा पहिला जर्मन चित्रपट, दिग्दर्शक वोल्फगांग श्टाउटे. सुझान छळछावणीतून बर्लिनला घरी येते तर घरात डॉ. मेर्टेन्स राहतोय, रक्त बघवत नाही असा, दारूत बुडालेला शल्यचिकित्सक. त्याचा लष्करातला कॅप्टन ब्र्युकनर मेला असं तो समजतो, पण तो जिवंत आहे, गुबगुबीत, आणि कारखाना चालवतोय. कारखान्यात पोलादी शिरस्त्राणांची पातेली बनतात! 1942 च्या ख्रिसमसला पोलंडच्या एका गावात बायकापोरांना गोळ्या घालायचा हुकूम याच माणसाने दिला होता. मेर्टेन्स पिस्तूल घेऊन निघतो, सुझान अडवते. मूळ पटकथेत तो गोळी घालतो. सोव्हिएत अधिकाऱ्यांना हा खाजगी सूड नको होता, म्हणून शेवट बदलला. मागचे ढिगारे सेट नाहीत.

1956 चा 'डेअर हाउप्टमान फॉन क्योपेनिक' तुम्हाला सगळ्यात जवळचा वाटेल. शिक्षा भोगून आलेला चांभार फोइग्ट नोकरी मागायला जातो तर राहण्याचा परवाना मागतात. परवाना मागायला जातो तर नोकरी कुठे आहे विचारतात. तहसील कचेरीत दाखल्यासाठी उभं राहिलेल्या कोणालाही याचं वेगळं सबटायटल लागणार नाही. शेवटी तो जुन्या बाजारातून कॅप्टनचा गणवेश विकत घेतो, रस्त्यात भेटलेल्या शिपायांना हुकूम सोडतो, आणि ते निमूट मागून येतात! क्योपेनिकच्या नगराध्यक्षाला अटक, तिजोरीतली रोकड पावती देऊन ताब्यात. पण त्याला हवा असलेला पासपोर्ट? तो त्या कचेरीत मिळतच नाही. घटना खरी आहे, 16 ऑक्टोबर 1906 ची. कैसरने पुढे 1908 मध्ये त्याला माफी दिली. हाइन्त्स र्‍युमान इथे मुख्य भूमिकेत आहे; 'फॉयरत्सांगेनबोवले'तला टोपीवाला विद्यार्थी तोच.

'डी ब्र्युके' (1959) सर्वांत शेवटी ठेवा. एप्रिल 1945, अमेरिकन दारात, आणि सोळा वर्षांच्या सात मुलांना गणवेश देऊन गावाच्याच पुलावर ठेवतात. त्यांना सुरक्षित ठेवावं म्हणूनच ही किरकोळ कामगिरी, कारण पूल तसाही उडवायचाच आहे. हे त्यांना सांगायला कोणी उरत नाही. मुलं खरंच लढतात. एकेक जण पडतो. शेवटी पूल उडवायला जर्मनच येतात, आणि उरलेल्या दोघांतला एक जर्मन गोळीने मरतो. एकच घरी परततो.

लावण्याआधी तपासायच्या किरकोळ गोष्टी

मूकपटात माणसं धावल्यासारखी चालत असतील तर प्रत चुकीच्या वेगाने उतरवलेली आहे, दुसरी शोधा. संगीत आवडलं नाही तर आवाज कमी करा, पाप लागत नाही. बोलपट इंग्रजीत डब केलेला घेऊ नका. मूळ जर्मन आणि खाली सबटायटल्स, कारण 'एम' आणि 'ब्लाउए एंगेल' दोन्ही अर्धे आवाजावर उभे आहेत. पुण्या-मुंबईत असाल तर मॅक्समुल्लर भवन आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा, मोठ्या पडद्यावर 'लेत्स्टे मान' मिळाला तर रजा टाकून जा.

घरातल्यांना यातलं काहीच पेलणारं नसेल तर ऑस्ट्रियाचा 'सिसी' (1955) लावा. रोमी श्नायडर मासे पकडायला गळ टाकते आणि गळाला थेट तरुण सम्राटाचा कोट लागतो. मग राजवाडा, सासूबाई आणि लग्न. तीन भाग आहेत, पहिल्यावर थांबलात तरी चालेल.